‘स्क्रॅम्बलिंग’ला मराठीत काय म्हणाल?

भाषांतरकार: वेल्सच्या डोंगरांवरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणते आहे. वसंतातले शनिवार-रविवार, मित्रमंडळी आणि क्रिब गॉचच्या धारेवर ‘स्क्रॅम्बलिंग’. नुसत्या पायांनी भागत नाही, हात लावावे लागतात, पण दोराने बांधून घ्यावं इतकं कठीणही नाही, असा तो प्रकार. ‘पदभ्रमण’ अपुरं पडतं, ‘प्रस्तरारोहण’ म्हटलं की दोर आणि खिळे डोळ्यांसमोर येतात. मधला शब्द कोणता?

घाटमाथा: सह्याद्रीत आपण कृतीला नाव देत नाही, जागेला देतो. ‘वर स्क्रॅम्बलिंग आहे’ असं वाटाड्या सांगणार नाही. तो म्हणेल, ‘दोन कातळटप्पे आहेत, हात लागतात, दोर लागत नाही.’ तुमच्या व्याख्येतली सगळी माहिती या एका वाक्यात आली. म्हणून नाम हुडकण्यापेक्षा ‘कातळटप्पा’ धरा आणि क्रियापद बदलत राहा: टप्पा चढणे, उतरणे, पार करणे.

शब्दवेल्हाळ: जुन्या मराठीत ‘वेंघणे’ आहे, अर्थ वर चढणे. तो परत वापरात आणला तर? ‘वेंग’ म्हणजे कव, त्यामुळे कानाला हातापायांचा चढ जाणवतो.

कातळवाट: नेमकी ती मिठीच नको. माडावर चढणारा खोडाला कवटाळतो, ते बरोबर. कातळावर नवखा माणूस भीतीने हेच करतो आणि तिथेच घसरतो. छाती दगडाला चिकटली की वजन पायांवरून सरकतं, बुटाचा तळ दगडावर दाबला न जाता बाहेर ढकलला जातो. पोट दगडापासून वीतभर दूर, टाचा खाली, वजन पायांवर. हात तोल सांभाळायला, अंग ओढून घ्यायला नव्हे. दोन हात, दोन पाय या चारांपैकी एका वेळी एकच हलवायचा, बाकीचे तीन टेकलेले. मिठीची आठवण करून देणारा शब्द इथे चुकीची सवय शिकवेल.

भाषांतरकार: पटलं. मग हात-पाय ठेवायच्या जागांना काय? ‘होल्ड’ लिहायचं नाही.

कातळवाट: खोबणी आणि पावठी. दोन्ही एक नव्हेत. खोबणी म्हणजे बोटं किंवा बुटाचं टोक मावेल असा खळगा, निसर्गाने झालेला किंवा कोरलेला. पावठी मात्र पायासाठी मुद्दाम खोदलेली. हरिहर गडाच्या पायऱ्यांना दोन्ही कडांशी हातासाठी खोबण्या आहेत, म्हणून तो उभा चढ असूनही मी त्याला कातळटप्पा म्हणत नाही. तो जिनाच आहे, फक्त फार उभा. वेल्सच्या लेखात पावठी वापरू नका, तिथे कोणी खोदलेलं नाही.

खोबणीवर भार टाकण्याआधी मुठीने ठोकून पाहायचं. ठणठणीत वाजली तर धरा, भद्द वाजली तर दगड मागून सुटलेला आहे. सह्याद्रीचा बेसाल्ट भेगाळलेला, त्यात हे हटकून होतं. पकड बाहेर खेचू नका, खाली दाबा.

घाटमाथा: ‘आडवी’ हाही शब्द घ्या. कड्याच्या पोटातून सपाटीने जाणारी वाट ती आडवी. आपल्याकडे ती का सापडते याचं कारण थरांत आहे. लाव्ह्याच्या दोन कठीण थरांमध्ये मऊ थर असतो, तो आधी झिजतो आणि पदर तयार होतो. कडा सरळसोट, पण मधे पट्टी. त्या पट्टीवरून एका बाजूला दरी दिसली की जे वाटतं त्याला डोंगरभटके ‘दृष्टिभय’ म्हणतात. इंग्रजी ‘एक्स्पोजर’ला याहून चांगला शब्द मला माहीत नाही. वाट अवघड नसते, पाय नीट बसतात, पण नजरेने भय वाटतं. अवघडपणा आणि दृष्टिभय वेगवेगळे सांगता येतात, ही या शब्दाची खरी ताकद.

शब्दवेल्हाळ: क्रिब गॉचला अगदी लागू पडेल. ब्रिटनमध्ये अशा वाटांना १ ते ३ श्रेणी देतात आणि ती धार श्रेणी १ची, सर्वांत सोपी; पण दोन्ही अंगांना उतार तुटलेले. ‘श्रेणी १, दृष्टिभय भरपूर’ असं सरळ लिहिता येईल. वेल्श नावाचा अर्थही जमतो: क्रिब म्हणजे तुरा किंवा डोंगराची धार, गॉच म्हणजे लाल.

भाषांतरकार: लेखात ‘स्क्री’ वारंवार येतो.

घाटमाथा: घसारा. पण दोन प्रकार वेगळे ठेवा. सुट्या दगडांचा घसारा पावलाबरोबर सरकतो, तर कडक जमिनीवर पसरलेला बारीक मुरूम पावलाखाली गोट्यांसारखा फिरतो. दुसरा जास्त फसवा. पहिल्यावर उतरताना टाच रुतवून, गुडघे किंचित वाकवून चालायचं, मागे रेलायचं नाही. रेललं की पाय पुढे निसटतात आणि माणूस बसतो.

हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या अरुंद जागी आणखी एक नियम. वरच्याचा पाय ज्या रेषेत, त्या रेषेत खालच्याने थांबायचं नाही. एकेकाने जायचं, बाकीच्यांनी कड्याच्या आडोशाला उभं राहायचं, आणि दगड सुटला की ‘दगड!’ असं ओरडायचं, लहान असला तरी.

कातळवाट: आता वसंत. तिकडच्या मार्च-एप्रिलला इकडचा वसंत समजू नका. वेल्समध्ये तेव्हा उत्तरेकडच्या घळींत बर्फ उरलेला असू शकतो, दगड ओला आणि गार असतो. आपल्याकडे शिमगा ते पाडवा या पंधरवड्यात पळस-पांगारा फुललेला, गवत वाळून तेल लावल्यासारखं निसरडं, टाकी आटत आलेली. दिवसाला माणशी ४ लिटर पाणी हवं. कातळटप्पे सकाळी ११च्या आत उरकावेत, नंतर दगड तळहाताला चटके देतो.

आधाराला कारवीचं झुडूप धरताना खोड वाकवून पाहा. फुलून गेलेली कारवी वाळते आणि काटकीसारखी मोडते. कड्याला आग्यामोहोळ असेल तर अत्तर, धूर, आरडाओरडा काही नको.

भाषांतरकार: मग शीर्षक ‘वसंतातले दोन दिवस कातळटप्प्यांवर’ ठेवते आणि लेखात ‘हात लागतात, दोर लागत नाही’ एकदाच सांगते. ‘वीकेंड’ काढून शनिवार-रविवार. धार, घळ, घसारा, आडवी, दृष्टिभय घेते, पावठी नाही.

शब्दवेल्हाळ: श्रेणीचा उल्लेख येईल तिथे मात्र ‘स्क्रॅम्बलिंग’ देवनागरीत राहू द्या, कारण तिथे ते त्या मोजमापाचं नाव आहे. ‘वेंघणे’ मी मागे घेतो, माडासाठी राखून ठेवतो.