मदत हवी आहे: चाचे आणि कान्होजी, मुलांना कसं सांगू?

नमस्कार मंडळी, म्हापशाहून लिहितेय. आमच्या वाड्यावरच्या मुलांना सुट्टीत गोष्टी सांगते, परवा एक जण काळ्या पुठ्ठ्याची पट्टी इलॅस्टिकने डोळ्यावर बांधून आला आणि म्हणाला, "मावशी, कान्होजी आंग्रे पण पायरेटच ना?" मला खरंच वाईट वाटलं. सिनेमात बघितलेला लाकडी पाय, खांद्यावर पोपट, पुरलेला खजिना हेच त्यांच्या डोक्यात पक्कं, आणि ते "आर्रर" बोलणं तर १९५० च्या 'ट्रेझर आयलंड'मधल्या रॉबर्ट न्यूटनमुळे रुळलं. खजिन्याचा नकाशाही मुळात कादंबरीतून आलाय.

कान्होजी तर मराठा आरमाराचे सरखेल म्हणजे प्रमुख, दस्तक म्हणजे त्यांचा परवाना न घेता जाणारी जहाजं पकडायचे म्हणून इंग्रजांनी चाचा म्हटलं. आता गंमत बघा, आपल्या गोव्यातले पोर्तुगीज पण कार्ताझ नावाचा परवाना सक्तीने विकायचे, नसला की जहाज जप्त, पण त्यांना कोणी चाचे म्हणत नाही! १७२१ ला इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांनी मिळून कान्होजींच्या अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर हल्ला केला तो फसला, हे मुलांना सांगायचंच आहे.

तर दस्तक किंवा कार्ताझचा फोटो, नाहीतर दहा-बारा वर्षांच्या मुलांना झेपेल असं मराठी पुस्तक कोणाला माहीत असेल तर प्लीज सांगा, रविवारी परत बसणार आहोत.