रोड बाईकचं हँडल वर घ्यायचंय, कुठवर जाईल?

ऐरोलीकर: पाम बीच रोडवर तासभर झाला की मान अवघडते, करंगळी आणि अनामिका बधिर होतात. अॅल्युमिनियम फ्रेम, कार्बन फोर्क, केबल बाहेरून. स्टेम (हँडल फोर्कला जोडणारा तुकडा) १०० मिमी, ६ अंश खाली झुकलेला. त्याच्या वर १० आणि ५ मिमीचे स्पेसर (उंचीसाठीच्या रिंगा), खाली फक्त ५ चा.

घोडबंदर: वरचा १० चा खाली घ्या, ५ चा वरच राहू द्या. कार्बन स्टिअररवर (फोर्कची वर येणारी नळी) स्टेमची पकड पूर्ण बसायला तो हवा. हँडल जेमतेम साडेनऊ मिमी वर जाईल आणि ३ मिमी तुमच्याकडे येईल, कारण फोर्क मागे झुकलेला असतो.

चाक जमिनीवर ठेवूनच काम करा. स्टेम निघाला की फोर्क धरायला काहीच उरत नाही, बाईक उचलली तर तो खाली सरकतो. वरचं झाकण काढा, मग बाजूचे दोन बोल्ट सैल करा. बसवताना आधी झाकणाचा बोल्ट, फोर्कचा ढिलेपणा जाईल इतकाच. स्टेम चाकाच्या रेषेत आणा आणि बाजूचे बोल्ट आलटून पालटून, स्टेमवर छापलेल्या आकड्याइतकेच आवळा (बहुधा ५ न्यूटन मीटर). टॉर्क पाना (ठरवलेल्या जोराइतकंच आवळणारा) नसेल तर दुकानातून करून घ्या, कार्बनवर अंदाज नको. स्टिअररवर ग्रीसही नको, कार्बन पेस्ट लावा.

खारघर चढ: त्याआधी सीट बघा. नाक खाली झुकलेलं असेल तर अंग पुढे घसरतं आणि सगळा भार तळहातावर येतो. मग हँडल कितीही वर घ्या, बोटं बधिर होणारच.

एवढ्याने भागलं नाही तर स्टेम उलटा करा. १०० मिमीच्या स्टेममध्ये आणखी साधारण २० मिमी मिळतात. मात्र हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून केबल ताणत नाहीत ना, ते पाहा.

ऐरोलीकर: सीटचं नाक खरंच खाली होतं, सरळ केलं. स्पेसरही बदलला. पण पुढचा ब्रेक दाबून बाईक पुढेमागे हलवली की खट खट होतं. झाकणाचा बोल्ट आवळूनही जात नाही.

घोडबंदर: बाजूचे बोल्ट आवळलेले असताना झाकण आवळताय. स्टेम खाली सरकतच नाही, मग फोर्कच्या बेअरिंगमधल्या छर्‍यांवर दाब येणार कसा? बाजूचे सैल करा, झाकण पाव पाव फेरा आवळा, खट खट थांबली की लगेच बाजूचे घट्ट करा. तरीही राहिलं तर झाकण काढून बघा: स्टिअररचं टोक वरच्या स्पेसरपेक्षा २-३ मिमी खाली हवं. वर आलं असेल तर झाकण स्टिअररवरच टेकतंय, २ मिमीचा पातळ स्पेसर वर घाला.