२१ डिसेंबरची मॅच सातला की साडेआठला?

(आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीचा ग्रुप, मंगळवार रात्र ते बुधवार सकाळ)

सेक्रेटरी: सर्वांना नमस्कार. येत्या रविवारी, २१ डिसेंबरला मुलांची क्रिकेट मॅच ठरली आहे. ए-बी विंग विरुद्ध सी-डी विंग. टेनिस बॉल, १२ ओव्हर. ठिकाण गोल्फ क्लब ग्राउंड. सव्वासहाला गेटवर जमायचं, सातला पहिला बॉल. मुलांची नावं उद्यापर्यंत कळवा.

बी ७०३: आमच्या दोघांची घ्या. सातची वेळ चांगली आहे, थंडी फार नाही. मोबाइलवर पहाटेचं १४ दाखवतंय.

ए १०१ काकू: १४ तुमच्या सातव्या मजल्यावर असेल बाळा. आज साडेसहाला तुळशीला पाणी घालायला बाहेर गेले तर थंडी नुसती मी म्हणत होती. तुळशीपाशी तापमापक टांगलाय, त्यात ९. पार्किंगमधल्या गाड्यांच्या सीटवर दव असं साचलेलं की कुण्या पोराने बोटाने आपलं नाव लिहिलं होतं. वॉचमन मामा शेकोटीपुढे हात धरून बसलेले. त्यांना विचारा किती थंडी आहे ते.

बी ७०३: काकू, एकाच बिल्डिंगमध्ये ५ अंशांचा फरक कसा असेल?

ए ५०४: असतो. डिसेंबरात आभाळ मोकळं आणि वारा पडलेला असला की जमीन दिवसभराची ऊब रात्री वर सोडून देते. तिला लागून असलेली हवा आधी गार होते, गार हवा जड असते, ती खालीच बसते. म्हणून पहाटे पार्किंगमध्ये हुडहुडी भरते आणि वरच्या मजल्यावर त्या मानाने ऊबदार असतं. शिवाय मोबाइलचा आकडा कोणी आपल्या गल्लीत तापमापक लावून मोजलेला नसतो. संगणक काही किलोमीटरच्या चौकोनाचा मिळून एक अंदाज काढतो. हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या झडपांच्या पेटीत, उघड्या मैदानात, साधारण छातीच्या उंचीवर असतो. काकूंचा तुळशीपाशी आहे म्हणून तो आणखी खाली उतरतो. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत.

ए ५०४: आणि सेक्रेटरीकाका, २१ डिसेंबर म्हणजे वर्षातला सगळ्यात लहान दिवस. त्या दिवशी नाशकात सूर्यच सातच्या सुमाराला उगवतो. सगळ्यात जास्त गारठा असतो तो नेमका सूर्य उगवायच्या वेळेला. सातला पहिला बॉल टाकलात तर पोरांच्या बोटांना चेंडू समजणार नाही.

सी २०२: थंडीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. माझा भाऊ पिंपळगावला असतो, तीन एकर द्राक्ष. गेल्या आठवड्यात दोन रात्री मी तिथेच होतो. निफाड तालुक्यात पारा घसरायला लागला की त्या घरात कोणी झोपत नाही. रात्री तीनला वहिनींनी उठवलं. बागेत ओळींच्या कडेने काडीकचरा आणि जुन्या छाटणीच्या काड्यांचे ढीग आधीच लावून ठेवलेले, ते एकेक करून पेटवायचे. जाळ नको, धूर आणि ऊब हवी, म्हणून वर ओला पाला टाकायचा. तिकडे भाऊ मोटर चालू करून बागेला पाणी सोडत होता. विहिरीचं पाणी हवेपेक्षा गरम असतं, जमीन ओली असली की ऊबही धरून ठेवते. बॅटरीच्या उजेडात त्याने एक घड हातात घेऊन दाखवला. मणी वाटाण्याहून थोडे मोठे, हिरवे, बर्फासारखे गार. म्हणाला, गारठा असाच राहिला तर फुगवण इथेच थांबेल. ज्यांच्या बागेत मण्यात पाणी उतरलंय, म्हणजे मणी पिकायला लागलेत, त्यांचे तर मणी तडकतात आणि तडकलेला माल व्यापारी बघतही नाही. ऑक्टोबरात छाटणी केल्यापासून औषधं, मजुरी, सगळं त्या एका घडावर लावलेलं असतं. आपण इथे ‘मस्त गुलाबी थंडी’ म्हणून फोटो टाकतो. मीही टाकायचो. त्या दोन रात्रींपासून हात होत नाही.

ए १०१ काकू: देव करो आणि दोन अंश वाढू दे.

सी ३०३: सोलरचं पाणी सकाळी गार येतंय, बघा कोणीतरी.

सेक्रेटरी: पहिली बादली पाइपात रात्रभर साठलेल्या पाण्याची असते. ती झाडांना घाला, मागून गरम येतं. मॅचच्या वेळेचं बोला.

बी ३०१: माझं मत साडेआठ. मुलांची काल रात्रीची मॅच बघून झोपच झालेली नाही. आणि एक कळकळीची विनंती. आमचा मुलगा मोबाइलवर मॅच बघत होता. त्याच्या स्क्रीनवर बोलर अजून रन-अप घेत होता आणि ए विंगमधून ‘आऊट, आऊट’ ऐकू आलं. त्याला रडू फुटलं हो. शेवटच्या ओव्हरला तो कानात बोटं घालून बसला होता. इंटरनेटवाल्यांना फोन केला तर म्हणाले तुमचं कनेक्शन एकदम ओके आहे.

ए ५०४: ओरडणारे आम्हीच होतो ताई, मनापासून सॉरी. कनेक्शन खरंच ठीक असणार. आमच्याकडे डिश आहे. उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असला तरी सिग्नलला वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो. बाकी उशीर चित्र लहान करून पाठवण्यात आणि परत उलगडण्यात जातो, तो काही सेकंदांचा. मोबाइलवर मात्र मॅच तुकड्या-तुकड्यांनी येते. काही सेकंदांचा एक तुकडा तयार होतो, तो लाखो फोनांपर्यंत पोचवायचा, आणि तुमचा फोन मध्येच अडकायला नको म्हणून दोन-तीन तुकडे जवळ साठवूनच दाखवायला सुरुवात करतो. असं करत अर्धा मिनिट सहज मागे पडतो. पुढच्या मॅचला त्याला आमच्या घरी पाठवा, सगळी पोरं एकाच टीव्हीवर बघतील.

बी ३०१: नक्की पाठवते. त्याला सांगितलं, लगेच हसला.

डी ६०१ आजोबा: आमच्या रेडिओला असा उशीर नव्हता. १९८३ चा वर्ल्ड कप. झिम्बाब्वेविरुद्ध आपले ५ बाद १७ झाले होते आणि कपिलदेवने तिथून नाबाद १७५ केले. १८ जूनची गोष्ट. त्या दिवशी मैदानावर बीबीसीचे कॅमेरेच नव्हते, त्यामुळे ती इनिंग आजही कुठे बघायला मिळत नाही. माझ्या नातवाला हे खरंच वाटत नाही. पण ती इनिंग माझ्या मनात जशी आहे तशी कुठल्याही टीव्हीवर पाहिलेली मॅच नाही. रविवारी साडेआठला मला पाठिंबा आहे. गुडघे सकाळी धरतात, पण येणार.

सी ४०४ ताई: आजोबा, तुमचा मेसेज वाचून धीर आला, म्हणून लिहिते. मघापासून टाइप करून पुसत होते.

मला वेळेबद्दल नाही, तारखेबद्दल बोलायचं आहे. मी रोज सकाळी त्या मैदानाच्या जॉगिंग ट्रॅकवर चालते. मीही गोल्फ क्लबच म्हणते, रिक्षावाल्यालाही तेच सांगावं लागतं. पण त्याचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे. रणजीचे सामने होतात तेव्हा स्कोअरकार्डवर हेच नाव असतं. आणि आपण मॅच ठेवली आहे नेमकी २१ डिसेंबरला.

२१ डिसेंबर १९०९. अशीच थंडीची रात्र असणार. जुन्या नाशकात विजयानंद थिएटरात ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता. कलेक्टर जॅक्सनची बदली झाली होती, त्याच्या निरोपासाठीचा प्रयोग. त्याच वर्षी बाबाराव सावरकरांना कविता छापल्या म्हणून जन्मठेप, काळं पाणी झालं होतं आणि त्याचा राग जॅक्सनवर होता. जॅक्सन थिएटरात आला तेव्हा अनंत लक्ष्मण कान्हेरेने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला, शिकायला औरंगाबादला असलेला मुलगा. वय सतरा-अठरा. पुढच्या वर्षी १९ एप्रिलला ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिलं, सोबत कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे. म्हणजे त्या डिसेंबरातल्या रात्रीपासून चार महिनेसुद्धा मिळाले नाहीत.

माझा मोठा मुलगा सतरा वर्षांचा आहे. सध्या पहाटे उठवायला गेलं की गोधडी डोक्यावरून ओढून घेतो. मी त्या ट्रॅकवर चालताना पाटीसमोरून जाते आणि दर वेळी हेच मनात येतं, एवढासा मुलगा होता. आपली मुलं त्या मैदानावर त्याच दिवशी खेळणार आहेत, तर पहिला बॉल टाकण्याआधी त्यांना हे नाव माहीत असावं. भाषण नको, हार नको. पाच मिनिटं पाटीपाशी उभं राहू, एवढंच.

ए १०१ काकू: 🙏 चाळीस वर्षं नाशकात आहे ग मी. नाव ठाऊक होतं, तारीख ठाऊक नव्हती.

डी ६०१ आजोबा: विजयानंदला मी कॉलेजात असताना पिक्चर बघितलेत. नंतर टॉकीज झालं ते. आम्ही तिकिटासाठी रांगेत उभे राहायचो तेव्हा वडील म्हणायचे, जिथे उभा आहेस ती जागा कुठली ते माहीत आहे का. तेव्हा लक्ष दिलं नाही.

बी ७०३: ताई, विरोध म्हणून नाही, मनातलं विचारतो. जॅक्सन संस्कृतचा जाणकार होता, त्याला लोक पंडित जॅक्सन म्हणायचे असं वाचलंय. दहा-बारा वर्षांच्या मुलांना गोळ्या झाडल्याचं सांगायचं का? त्यांच्या मनावर काय बसेल?

सी ४०४ ताई: बरं झालं विचारलंत, मीही यावर विचार केलाय. जॅक्सन विद्वान होता हेही सांगू. कविता छापणाऱ्या माणसाला अंदमानला पाठवणारं सरकार होतं हेही सांगू. एकच बाजू सांगितली तर मोठी झाल्यावर दुसरी बाजू त्यांना दुसरीकडून कळेल आणि आपण लपवलं असं वाटेल. मी बंदुकीची गोष्ट रंगवून सांगणार नाही. नाव, वय, आणि पुढे काय झालं ते. मुलं दिवसभर मोबाइलच्या खेळात शंभर गोळ्या झाडतात, त्यात मेलेला पुन्हा उठतो. खऱ्या आयुष्यात त्याची किंमत काय असते हे कळलेलं बरं.

बी ७०३: पटलं. दोघांना घेऊन येतो.

बी ३०१: माझा मुलगा विचारतोय, त्या दिवसाचा व्हिडिओ आहे का?

ए ५०४: त्याला सांगा, तेव्हा आपल्याकडे गोष्टीचा मोठा सिनेमासुद्धा बनत नव्हता. पहिला मोठा भारतीय चित्रपट लोकांना दाखवला गेला ३ मे १९१३ ला, आणि तो बनवणारे दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. पांडवलेण्याच्या पायथ्याशी ज्यांचं स्मारक आहे ना, तेच. विजयानंदच्या त्या रात्रीनंतर साडेतीन वर्षांनी.

बी ३०१: म्हणतोय, मग आजोबांच्या कपिलदेवच्या मॅचसारखंच, सांगणाऱ्याकडूनच ऐकायचं. पाटीपाशी पुढे उभा राहणार म्हणतोय.

सी २०२: आत्ता भावाचा फोन आला, सांगायला हवं म्हणून लिहितो. आज ढगाळ आहे, पारा चढलाय. रात्री सगळे झोपतील.

ए १०१ काकू: देव पावला! वॉचमन मामांनाही रविवारी घेऊन चला. ते गावाकडे तालुक्याच्या टीममध्ये खेळायचे, अंपायर त्यांनाच करा. गुळाचा चहा आणि शंकरपाळे माझ्याकडून.

सेक्रेटरी: सुधारित सूचना. रविवार, २१ डिसेंबर. ठिकाण हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, त्र्यंबक रोड. पावणेआठला गेटवर जमायचं, सव्वाआठला सर्वांनी पाटीपाशी, सी ४०४ ताई पाच मिनिटं बोलतील. साडेआठला पहिला बॉल. अंपायर वॉचमन मामा, त्यांच्या ड्युटीला त्या वेळी मी बसतो. कानटोपी, पाण्याची बाटली आणि बूट सक्तीचे. स्टंप कोणाकडे आहेत?

सी ३०३: माझ्याकडे. पाच आहेत, सहावा शोधतो.