रेड डेड रिडेम्प्शन २ पुन्हा खेळण्यात अर्थ आहे का? (स्पॉयलर आहेत)

रानवाट: शेवट माहीत असताना डाकूंच्या टोळीवरचा एवढा लांबलचक व्हिडिओ गेम परत कशाला, असं लोक विचारतात. माझं मत ठाम आहे: हा गेम दुसऱ्यांदा खेळल्याशिवाय पुरता कळत नाही. दुसऱ्या चॅप्टरमधला थॉमस डाउन्स आठवा. आर्थर, म्हणजे आपण खेळतो तो टोळीतला नायक, कर्जवसुलीला जातो, त्या आजारी माणसाला बुकलतो आणि तो आर्थरच्या तोंडावर खोकतो. पहिल्या खेपेला आपण ते उरकून पुढच्या मिशनला लागतो. दुसऱ्या खेपेला ठाऊक असतं की आर्थरचा क्षय इथूनच सुरू होणार. बटणं तीच, ठोसे तेच, पण हात उचलवत नाही.

काळामांजर: अजिबात पटलं नाही. हात उचलवत नसला तरी उचलावाच लागतो, कारण ते मिशन टाळून कथा पुढे सरकत नाही. ऑनर (चांगल्या-वाईट वागण्याचे गुण) कितीही वाढवा, आर्थर जातोच. डोंगरावर सूर्योदय बघत की टोळीतल्याच मायकाच्या हातून, एवढंच काय ते आपल्या हातात. त्यापेक्षा ‘द विचर ३’ या गेममधल्या ब्लडी बॅरन नावाच्या सरदाराची कथा घ्या. टेकडीखालच्या आत्म्याला सोडलं तर अनाथ मुलं वाचतात, पण बॅरनची बायको मरते आणि तो गळफास घेतो. आत्म्याला मारलं तर बायको जगते, भ्रमिष्ट होऊन, आणि मुलं जातात. पुन्हा खेळावं तर असं काही.

सायली_के: मला रेड डेड जीव की प्राण, तरी एक तक्रार आहेच. नकाशा एवढा मोकळा आणि मिशन मात्र करकचून बांधलेली. सांगितलेली वाट सोडून जरा बाजूने गेलं की मिशन फेल. पहिल्यांदा कथेच्या ओढीत ते खपून जातं, नंतर खुपतं. बर्फातला पहिला चॅप्टर तर परत खेळताना संपता संपत नाही.

रानवाट: त्याच बर्फात टोळीतला हाविएर सांगून जातो की ब्लॅकवॉटर शहरात टोळीचा म्होरक्या डचने एका मुलीला मारलं, आणि वाईट रीतीने मारलं. पहिल्यांदा हे कानामागे पडतं, कारण तेव्हा डच आपल्याला सगळ्यांना सांभाळणारा वाटत असतो. तो पुढे बिघडला असंच मी धरून चाललो होतो. दुसऱ्या खेपेला ते वाक्य ऐकलं आणि त्याच्या प्रत्येक भाषणाकडे बघायची नजरच बदलली. काळामांजर, विचरमध्ये घटना बदलतात हे खरंच. इथे घटना तीच राहते आणि आपण बदललेले असतो. मला हे जास्त मोलाचं वाटतं.

काळामांजर: मग ते यूट्यूबवर बघूनही होईल की! कंट्रोलर हातात कशाला हवा?

सायली_के: नाही, इथे मी रानवाटच्या बाजूने. सहाव्या चॅप्टरमध्ये ॲन्सबर्गला डाउन्सची बायको एडिथ भेटते, पोटासाठी शरीर विकताना. मुलगा खाणीत. त्यांना मदत करणं सक्तीचं नाही, सरळ घोडा हाकून निघून जाता येतं. ज्या हातांनी तिच्या नवऱ्याला मारलं त्याच हातांनी थांबायचं की नाही, हे बघून कळत नाही. ते स्वतः ठरवावं लागतं.

काळामांजर: एडिथचा भाग मान्य, तो जबरदस्तच आहे. पण एवढ्या मोठ्या गेममध्ये असे प्रसंग मोजके. बाकी वेळ घोडदौड आणि तोच तो गोळीबार. त्यासाठी पूर्ण गेम पुन्हा? माझं उत्तर अजूनही नाहीच.