एकच टेबल, तीन धंदे: घर आवरायचं कसं?

खारीबिस्कीट:

नमस्कार मंडळी. राहणार चिंचवड, भाड्याचा टू बीएचके. मी, नवरा, सासूबाई, नऊ वर्षांची लेक आणि सहा वर्षांचा चिरंजीव. दोन वर्षांपूर्वी लेकीला शाळेतून काढलं, धाकट्याला घातलंच नाही. (का काढलं यावर भांडायचं असेल तर वेगळा धागा काढा, तिथे येते. इथे फक्त पसाऱ्याचं बोला.)

घरात टेबल एकच, माझ्या लग्नात माहेरून आलेलं. सकाळी त्यावर पोहे, मग पोरांच्या वह्या, दुपारी माझं शिवण आणि क्रोशा, संध्याकाळी मैदा. घरून ऑर्डरी घेते. नानकटाई, शंकरपाळे, वाढदिवसाचे केक. दिवाळीला १९ दिवस राहिलेत, १४ किलो नानकटाई द्यायची आहे, पोरांना आकाशकंदील घरीच करायचाय, आणि नणंदेच्या बाळासाठी घेतलेली गोधडी अर्धी पडली आहे. बाळ एव्हाना रांगायला लागलं.

वेळापत्रकं चार करून झाली. शेवटचं स्केचपेननं रंगवलेलं होतं, ते करण्यातच दोन दिवस गेले. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, नवऱ्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, त्यामुळे कागदावरचं कागदावरच राहतं.

आता खरं कारण सांगते. परवा पीठ मळत होते, दीड किलोचं. बोटाला काहीतरी टोचलं. बघते तर टाचणी, लाल मण्याची, गोधडीतली. परातीत अजून एखादी असेल या भीतीनं सगळं पीठ टाकलं. म्हणजे मी नाही टाकलं, सासूबाईंनी परात उचलली आणि ओल्या कचऱ्यात रिकामी केली. एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

फर्निचर करून घ्या म्हणू नका. भिंतीत खिळा मारायलाही मालकांना विचारावं लागतं. माळा भरलेला आहे, त्यात काय आहे ते मलाही आठवत नाही.

भट्टीवाली:

टाचणीचं वाचून पोटात गोळा आला. रागावू नका, स्पष्ट बोलते. विकायचा माल करताय ना? मग शिवण आणि पीठ एका टेबलावर आणायचंच नाही. सकाळी हे, संध्याकाळी ते, असं करून भागत नाही. पीठ फक्त ओट्यावर. ओटा जागेवर धुता येतो, लाकडी टेबलाच्या फटीत काय अडकलंय ते दिसतही नाही. पोरांची चमकीसुद्धा ओट्याजवळ नको, ती खायची नसते आणि केकवर पडली की निघत नाही. अन्नसुरक्षेची नोंदणी केलीत का? तो १४ आकडी नंबर डब्यावर टाकता तेव्हा जबाबदारीही तुमच्या नावावर पडते.

टाचण्या मोजून काढायच्या, मोजून ठेवायच्या. तीस काढल्या तर तीस परत. वाटीत एक लोहचुंबक टाकून ठेवा, सांडल्या तरी गोळा होतात.

१४ किलोला घाबरू नका. नानकटाई घट्ट झाकणाच्या डब्यात दोन आठवडे छान राहते, म्हणजे आत्तापासून रोज एक-दीड किलो काढली तरी पुरे. पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नका, वाफ धरली की मऊ पडते. आणि बुधवारी रात्री पीठ मळून फ्रीजमध्ये टाका. गुरुवारी वीज आली की थोडं बाहेर काढून ठेवा आणि भाजायला घ्या.

गंमतजंमत७:

पोरांना शाळेत घाला. निम्मा पसारा आपोआप कमी.

खारीबिस्कीट:

@गंमतजंमत७ वरचा कंस वाचला नाहीत वाटतं.

@भट्टीवाली ताई, ओट्यावर मिक्सर, पाण्याचा फिल्टर आणि ताटाळं आहे. उरतो तो दोन वितींचा. पण पटलं. नोंदणी आहे, आणि तो नंबर आठवूनच त्या रात्री झोप लागली नाही.

पाटीपेन्सिल:

आमचा मुलगाही घरीच शिकला, आता १६ चा आहे. तुम्ही वह्या टेबलावर किती तास मांडून बसता? माझा अंदाज, दहा ते एक. आम्हीही तेच केलं होतं, घंटा वाजवायची तेवढी बाकी होती. नऊ वर्षांच्या मुलीला बसून करायचा अभ्यास दीड तास खूप झाला, धाकट्याला पाऊण तास. शाळेत ४० पोरांची हजेरी, शांतता आणि रांगा यात जो वेळ जातो तो तुमच्या घरी नाहीच. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, पण ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत उरकायलाच हवीत असं नाही.

मला वाटतं घाई परीक्षेच्या धास्तीनं होते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या, म्हणजे एनआयओएसच्या, मूलभूत शिक्षणाच्या अ, ब, क पातळ्या तिसरी, पाचवी आणि आठवीला समकक्ष आहेत. दहावीला बसायला १४ वर्षं पूर्ण लागतात. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला, आणि एकदा प्रवेश घेतला की ५ वर्षांत ९ संधी. लेकीला अजून पाच वर्षं आहेत. दम घ्या.

पसाऱ्याचं म्हणाल तर प्रत्येकाला एक पत्र्याची पेटी. वह्या, पेन्सिली, कात्री सगळं तिच्यात. अभ्यास झाला की पेटी पलंगाखाली. आणि १४ किलो नानकटाई घरात होत असताना वेगळं गणित कशाला शिकवता? वजनकाटा लेकीच्या हातात द्या.

दुसरी_पाळी:

मी चाकणला कारखान्यात आहे. आमच्याकडे फाइव्ह एस चालतं, जपानी पद्धत. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. म्हणजे नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा, पुसा, नियम लावा, नियम पाळा. घरी बायको यावर हसते, पण दोन गोष्टी तिनेही उचलल्या.

एक, हत्यारांची बाह्यरेषा. आमच्या फळ्यावर प्रत्येक पान्याच्या जागी त्याचा आकार काढलेला असतो, पाना नसला की रिकामी रेघ डोळ्यात भरते. तुम्ही खणात जाड पुठ्ठा घाला, कात्री, टेप, क्रोशाच्या सुया ठेवून भोवती पेन्सिल फिरवा. सहा वर्षांचं पोर वाचत नसलं तरी कात्रीचा आकार ओळखतं.

दोन, लाल खूण. महिनाभर हात लागला नाही अशा वस्तूला लाल लोकर बांधायची. पुढच्या महिन्यातही तशीच दिसली तर घराबाहेर. माळ्यापासून सुरुवात करा.

गोधडीवाल्या_काकू:

अगं, गोधडी टेबलावर कोण शिवतं? ती जमिनीवरची गोष्ट. थर अंथरायचे, चारी बाजूंनी कच्चे टाके घालून घ्यायचे, मग कडेकडेनं धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचं. टाचणीचं कामच नाही. उठायची वेळ आली की सुई त्याच गोधडीत एका ठरलेल्या कोपऱ्यात खोचायची, गुंडाळी करायची, वरून जुन्या साडीचं गाठोडं. दोन मिनिटांत जमीन मोकळी.

आणि एक विचारू? सासूबाईंना धावदोरा येतो का, हे कधी विचारलंस?

खारीबिस्कीट:

अकरा दिवसांनी येतेय, ८ किलो झाली. हाताला वेलचीचा वास बसलाय.

ओटा रिकामा केला. मिक्सर फ्रीजवर गेला, ताटाळं ग्रिलच्या गॅलरीत. माळा उघडला आणि दुसऱ्या मिनिटाला बंद केला. तो दिवाळीनंतर. कात्रीचा पुठ्ठा मात्र जोरात चाललाय. चिरंजीवांनी खूश होऊन आजीच्या चष्म्याची, बाबांच्या चावीची आणि स्वतःच्या पंजाचीही रेघ काढून ठेवली आहे. पेट्या घेतल्या, पण धाकट्याच्या पेटीत तिसऱ्या दिवशी अर्धी पोळी सापडली आणि तिच्यामागून मुंग्यांची रांग. आता रात्री पेटी उघडून बघावी लागते, म्हणजे एक काम वाढलं. अभ्यास दीड तासावर आणला. पहिले दोन दिवस मलाच चोरी केल्यासारखं वाटलं.

काकू, तुमचा प्रश्न वाचून मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला वाटलं तुला मशीनवरचंच आवडतं." त्याच दुपारी बसल्या. माझ्या सगळ्या टाचण्या उपसल्या, वाटीत टाकल्या, मोजायला लावल्या. २९ भरल्या, परातीतली धरून ३०. मग माझे टाके बघितले आणि निम्मे उसवले. एक बोटभर अंतरात माझे तीन टाके, त्यांचे सात. लेक शेजारी बसून सुईत दोरा ओवून देते आणि रविवारपासून एक कड तिची आहे. वाकडी आहे. "बाळाला काय कळतंय," असं म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली. माझी बरी उसवली!

आता वजनकाटा. पाटीपेन्सिल, तुमचं ऐकून लेकीला बसवलं. २५ ग्रॅमचा गोळा, किलोला ४०, हा माझा दोन वर्षांचा हिशोब. तिनं भाजल्यावरही वजन केलं, जे मी कधीच केलं नव्हतं. २५ चा गोळा बाहेर आला की २४ भरतो, थोडी ओल उडते. वहीत भागाकार मांडला आणि स्वयंपाकघरात येऊन सगळ्यांसमोर म्हणाली, "आई, किलोला ४२ लागतात. तू ४० देत होतीस."

नवरा हसत होता. सासूबाई गोधडीत मान घालून होत्या, पण खांदे हलत होते.

तर नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या डब्यात यंदा किलोला ४४ जातायत. कुणी विचारलं तर दिवाळीची भेट म्हणणार आहे. लेकीला तेवढं गप्प कसं ठेवायचं, त्यावर काही उपाय असेल तर लिहा.