‘विथ माय’ का चुकतं? बी विंगच्या ग्रुपवर रंगलेली चर्चा

प्राची, ४०२: अभ्यासाचा प्रश्न ग्रुपवर टाकतेय, सॉरी 🙏 अर्णवच्या वर्कशीटमधली रिकामी जागा: ‘द टीचर गेव्ह रोहन अँड डॅश अ प्राइझ.’ पर्याय ‘आय’ आणि ‘मी’. तो ‘आय’ म्हणतोय आणि मलाही तेच वाटतंय. उद्या टेस्ट आहे, कोणी सांगेल का?

समीर, ६०१: ‘आय’. ‘रोहन अँड आय’ असंच म्हणतात. आम्हाला शाळेत पाठ करून घेतलं होतं, दुसऱ्याचं नाव आधी आणि मग आय.

मेघना, ३०४: मला ‘मी’ वाटतंय.

समीर, ६०१: कुठला मी? मराठीतला की इंग्रजीतला? 😄

मेघना, ३०४: अवतरणचिन्हातला रे!

जोशी सर, १०१: मेघनाचं बरोबर. प्राची, अर्णवला म्हणावं, रोहनला दोन मिनिटं वाक्याबाहेर काढ. आता ‘द टीचर गेव्ह आय अ प्राइझ’ म्हणून बघ. कानाला खटकतं की नाही? ‘गेव्ह मी’च येतं. मग रोहनला परत आत घेतलं म्हणून सर्वनाम बदलायचं कारण नाही.

समीर, ६०१: पण सर, आम्हाला मग चुकीचं शिकवलं का?

जोशी सर, १०१: नाही, अर्धं लक्षात राहिलंय तुझ्या. ‘रोहन अँड आय वेंट’ इथे जाणारे दोघं, म्हणून ‘आय’. इथे देणाऱ्या बाई आहेत, घेणारे दोघं. मुलं ‘मी अँड रोहन वेंट’ म्हणतात म्हणून शिक्षक ‘रोहन अँड आय’चा धोशा लावतात. मग मुलांना वाटतं ‘आय’ म्हणजे सभ्य आणि ‘मी’ म्हणजे गावंढळ, आणि ती जिथेतिथे ‘आय’ घालतात. ‘बिटवीन यू अँड आय’ हे मोठमोठ्या साहेबांच्या तोंडी ऐकलंय मी. हवं ‘बिटवीन यू अँड मी’.

शोभा काकू, २०३: आमचा नातू अमेरिकेत जन्मला, तो तर सर्रास ‘मी अँड माय फ्रेंड वेंट’ म्हणतो. त्याचं इंग्रजी चूक म्हणायचं का हो?

जोशी सर, १०१: शोभाताई, तिकडची मुलं घरात तसं बोलतात, आणि त्यात त्यांचं काही अडत नाही. पेपरात लिहिलं तर तिकडच्या बाईही लाल रेघ मारतील.

देशपांडे, सेक्रेटरी: कृपया हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी वापरावा. उद्या सकाळी ११ ते १ टाकी धुण्याचं काम आहे, पाणी भरून ठेवावे.

मेघना, ३०४: काका, सोसायटीचंच विचारते मग. लिफ्टजवळ नोटीस लावलीय, ‘प्लीज कॉन्टॅक्ट मिस्टर शिंदे ऑर मायसेल्फ’. यात मायसेल्फ चालतं का? 🙈

जोशी सर, १०१: ‘ऑर मी’ हवं. करणारा आणि भोगणारा एकच असेल तेव्हा मायसेल्फ. ‘आय हर्ट मायसेल्फ’, म्हणजे माझं मलाच लागलं. नोटिशीत संपर्क करणार तुम्ही, देशपांड्यांशी. ‘मायसेल्फ अमुक तमुक’ अशी ओळख करून देणारेही आपल्याकडे ढिगानं आहेत, तेही याच माळेतले.

देशपांडे, सेक्रेटरी: नोटीस लॅमिनेट करून झाली आहे. पुढच्या वेळी सरांना दाखवून लावू.

प्राची, ४०२: 😂😂 सर, आता आणखी चार चुका सापडल्या. हे त्याचं:
आजोबांना तहान लागली म्हणून ‘गिव्ह देम सम वॉटर’.
मोडक्या खुर्चीबद्दल ‘डोंट सिट ऑन हर’.
‘कम विथ माय’.
‘आय वेंट विथ हिज’.
इतका कसा गोंधळ घालतो हो हा? इंग्रजी मीडियममध्ये आहे, पाचवीत.

जोशी सर, १०१: गोंधळ कसला! चारही उत्तरांमागे पक्कं मराठी आहे. थांब, चष्मा घेऊन येतो, सावकाश टाइप करतो.

समीर, ६०१: सर आता तास घेणार 🍿

जोशी सर, १०१: पहिलं. आजोबांना आपण ‘त्याला पाणी दे’ म्हणत नाही, ‘त्यांना’ म्हणतो. मान म्हणून अनेकवचन. अर्णवने ‘त्यांना’चं ‘देम’ केलं. इंग्रजीत आदरार्थी अनेकवचन नाही, आजोबा एक, तर ‘हिम’. बाबा, सर, डॉक्टर, अगदी राष्ट्रपती असले तरी ‘हिम’ किंवा ‘हर’. मोठ्या माणसाला ‘हिम’ म्हणताना मुलांना उद्धट वाटतं, म्हणून हात ‘देम’कडे वळतो. या चुकीसाठी पोराला ओरडू नकोस, घरचं वळण चांगलं आहे.

दुसरं. आपल्याकडे खुर्ची ती, पंखा तो, टेबल ते. खुर्चीवर बसू नकोस म्हणजे ‘तिच्यावर’ बसू नकोस, म्हणून ‘ऑन हर’. इंग्रजीत वस्तूला लिंग नाही, सरसकट ‘इट’. पाळलेल्या कुत्र्यामांजराला प्रेमाने ‘हिम’, ‘हर’ म्हणतात, ते वेगळं.

मेघना, ३०४: भारी! आणि ‘विथ माय’?

जोशी सर, १०१: तो सगळ्यात मजेशीर. मराठीत शब्दयोगी अव्यय शब्दाच्या मागे चिकटतं आणि त्याआधी सर्वनामाचं सामान्यरूप होतं. ‘मी’ला ‘बरोबर’ थेट जोडता येत नाही, आधी ‘माझ्या’ होतं, मग ‘माझ्याबरोबर’. माझ्यासाठी, माझ्याकडून, माझ्याशी, सगळीकडे ‘माझ्या’. मुलाला पाठ असतं की माझा, माझी, माझ्या म्हणजे ‘माय’. म्हणून ‘विथ माय’, ‘फॉर माय’, ‘फ्रॉम माय’. त्याच न्यायाने ‘त्याच्याबरोबर’चं ‘विथ हिज’.

प्राची, ४०२: अय्या, खरंच की. पण ‘शी वेंट विथ हर’ त्याने बरोबर लिहिलंय.

जोशी सर, १०१: तीच तर गंमत. ‘तिच्याबरोबर’मधल्या ‘तिच्या’चं त्याने ‘हर’ केलं. इंग्रजीत ‘तिचं’ही ‘हर’ आणि ‘तिला’ही ‘हर’, म्हणून उत्तर आपोआप बरोबर आलं. वाक्यात मुलगी असली की मार्क, मुलगा असला की भोपळा. शिक्षकाला वाटतं मुलगा कधी लक्ष देतो, कधी देत नाही. मी वर्गात मुद्दाम ‘हिम’चीच वाक्यं जास्त द्यायचो, ‘हर’वरून कळतच नाही पोराला समजलंय की नाही.

कविता, ५०२: सर, माझी सान्वी तिसरीत, मराठी माध्यम. तिने ‘मी हंग्री’ लिहिलं होतं. ‘मी’ इंग्रजीतला की मराठीतला देव जाणे 😅

जोशी सर, १०१: दोन्ही असू शकतात. एक तर उच्चार सारखा. शिवाय ‘मला भूक लागली’ मधल्या ‘मला’चं ‘मी’ होतं, कारण पुस्तकात ‘मी म्हणजे मला’ असा तक्ता असतो. तक्ता चूक नाही, पण आपली अर्धी रोजची वाक्यं ‘मला’ने सुरू होतात. मला आंबे आवडतात, मला ताप आलाय, मला पोहता येतं, मला दोन बहिणी आहेत. मराठीत क्रियापद आंब्यांमागे जातं, आंबे आवडतात, आंबा आवडतो. इंग्रजीत ते सगळं कर्त्याच्या गळ्यात: आय लाइक, आय हॅव, आय कॅन स्विम. तेव्हा सान्वीला ‘मला’ बघून उत्तर लिहू देऊ नकोस, जागा बघायला शिकव.

कविता, ५०२: जागा म्हणजे?

जोशी सर, १०१: क्रियापदाच्या आधी, काम करणारा: आय, ही, शी, वी, दे. क्रियापदाच्या नंतर, किंवा टू, फॉर, विथ, फ्रॉम, बिटवीन यांच्या लगेच नंतर: मी, हिम, हर, अस, देम. ‘यू’ आणि ‘इट’ दोन्हीकडे तेच. प्रश्नार्थक वाक्यात उलटापालट होते, पण तिसरीत तेवढं पुरे.

इंग्रजीत नामाला आपल्यासारखे प्रत्यय राहिले नाहीत, म्हणून कोणी कोणाला मारलं हे जागेवरूनच कळतं. आपण ‘रामने रावणाला मारलं’, ‘रावणाला रामने मारलं’, कसंही म्हणा, ‘ला’ सांभाळून घेतो. इंग्रजीत नावांची जागा बदलली की रावण जिंकला.

समीर, ६०१: सर, ‘यू’ का बदलत नाही?

जोशी सर, १०१: पूर्वी बदलायचं. कर्ता असेल तर ‘यी’, कर्म असेल तर ‘यू’. हळूहळू ‘यू’ने दोन्ही जागा बळकावल्या. आणि बोलताना ‘देम’चं नुसतं ‘एम’ ऐकतोस ना, ‘टेल एम’? लोकांना ते ‘देम’ तोडून झालेलं वाटतं, पण ते जुन्या ‘हेम’चं उरलेलं आहे. ‘देम’ स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या भाषेतून नंतर आलं. टेस्टमध्ये हे विचारत नाहीत, अर्णवला सांगू नकोस.

शोभा काकू, २०३: आमच्या वेळी पाचवीला एबीसीडी सुरू व्हायची. आता पहिलीपासून इंग्रजी, तरी हीच रड.

जोशी सर, १०१: २००० साली पहिलीपासून आलं. माझ्या हाताखालून दोन्हीकडची मुलं गेली. पाचवीपासूनवाल्यांना निदान ‘विभक्ती’ हा शब्द माहीत असायचा, त्यांना ‘विथ हिज’ का चूक ते दोन मिनिटांत पटायचं. आता मराठी व्याकरण शिकायच्या आधीच इंग्रजी रिकाम्या जागा येतात.

मेघना, ३०४: सर, आमच्या ऑफिसात ‘ही सेड मी’, ‘एक्सप्लेन मी’ चालतं. तिथे ‘मी’ तर जागेवर आहे.

जोशी सर, १०१: सर्वनाम बरोबर, क्रियापदाची खोड वेगळी. ‘टोल्ड मी’ चालतं, ‘सेड’ला ‘टू मी’ लागतं, ‘एक्सप्लेन’लाही. ‘लिसन टू मी’. आपल्या ‘मला सांग’, ‘मला समजाव’, ‘माझं ऐक’ मध्ये हा ‘टू’ दिसत नाही, म्हणून गळतो. याला नियम नाही, क्रियापदाबरोबरच पाठ करायचं.

समीर, ६०१: आणि खालून इंटरकॉमवर ‘कोण?’ विचारलं तर ‘इट्स मी’ की ‘इट इज आय’?

जोशी सर, १०१: ‘इट्स मी’ म्हण बाबा. ‘इट इज आय’ म्हणालास तर वॉचमन गेट उघडणार नाही. जुन्या व्याकरणाच्या पुस्तकांत ‘इट इज आय’ आहे, पण आज तसं बोलत कोणी नाही.

प्राची, ४०२: अर्णव व्हॉइस नोट पाठवायची म्हणतोय, मीच टाइप करते. सर, त्याला दोन-तीन वाक्यं द्या ना.

जोशी सर, १०१: घे. रिकाम्या जागी काय?
‘माय अंकल इज हिअर. आय विल गो विथ डॅश.’
‘द मँगोज आर रॉ. डोंट ईट डॅश.’
‘द बॉल इज लॉस्ट. हेल्प सान्वी अँड डॅश फाइंड डॅश.’

प्राची, ४०२: त्याची उत्तरं: हिम. देम. तिसऱ्यात ‘मी’ आणि ‘हिम’. चेंडू तो, म्हणून हिम म्हणतोय 🤦‍♀️

जोशी सर, १०१: ‘मी’ पहिल्या फटक्यात आलं, छान. काकांनाही ‘देम’ केलं नाही. चेंडूला विचार म्हणावं तू माणूस आहेस का.

प्राची, ४०२: ‘इट’ म्हणाला. सर, शेवटचं. ‘रोहन इज टॉलर दॅन’ याच्यापुढे ‘आय’ की ‘मी’? गूगलवर दोन्ही दिसतंय.

जोशी सर, १०१: दोन्ही चालतं. बोलताना ‘दॅन मी’, जुन्या वळणाच्या शिक्षकांना ‘दॅन आय’ आवडतं. बाईंनी वर्गात काय घेतलंय ते वहीत बघ.

प्राची, ४०२: वहीत ‘दॅन आय’ आहे.

जोशी सर, १०१: मग तेच. पर्यायांतलं असेल तर ‘आय’ला गोल कर. वाक्य स्वतः लिहायचं असेल तर पुढे ‘अॅम’ही जोडायला सांग, ‘टॉलर दॅन आय अॅम’. त्यावर कुठल्याच बाई मार्क कापू शकणार नाहीत.