लास मेदुलास : केवळ वरून पाहू नये

स्पेनमधील लास मेदुलास हे ठिकाण ओरेयान गावाजवळच्या उंच सज्जावरून (दृश्यस्थळावरून) पाहावे आणि पुढच्या गावी निघावे, असा सल्ला काही जण देतात. मला मात्र खाली उतरून चालणे फार आवश्यक वाटते. लेओन प्रांतातील ही रोमन सोन्याची खाण १९९७ पासून जागतिक वारसास्थळ आहे. डोंगरात बोगदे खणून, उंचावर साठवलेले पाणी त्यांत एकदम सोडून रोमनांनी अख्खे कडे कोसळवले, आणि त्यातून उरलेल्या तांबड्या सुळक्यांमधून, जुन्या चेस्टनटच्या झाडांजवळून पायवाट ला कुएवोना या प्रचंड गुहेपर्यंत जाते. तिथे मातीत रुतलेले नदीचे गुळगुळीत गोटे अगदी जवळून दिसतात. ऑगस्ट २०२५ च्या वणव्याची झळ या परिसराला बसली असल्याने कोणत्या वाटा खुल्या आहेत, याची स्थानिक चौकशी आधी अवश्य करावी.